सोयाबीनची थप्पी लागली की बाजूला सरकणारा वर्कबेंच

आमच्याकडं पत्र्याचं शेड आहे, १२ बाय २०, आणि ते एकट्या माझ्या कामाचं कधीच नसतं. उन्हाळ्यात त्यात कडब्याची कुट्टी, पावसाळ्यात मोटारसायकल आणि फवारणीचा पंप, आणि दसऱ्यापासून सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. लातूर भागात हे घरोघरचं आहे, घरी सुतारकाम किंवा वेल्डिंगचा नाद असणाऱ्या माणसाला स्वतःची अशी वेगळी खोली मिळत नाही, आहे त्यात एक कोपरा मिळतो आणि तोबी वर्षातून दोनदा रिकामा करून द्यावा लागतो. त्यात मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी १२ नंतर उभं राहवत नाही, तेव्हा बेंच बाहेर लिंबाच्या सावलीत न्यावा लागतो. म्हणून सरकणारा बेंच पाहिजेच.

पण बेंचला चाकं लावणं आणि बेंच सरकता करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिला बेंच बिघडल्यावर कळालं. पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं, चार पायाला चार कॅस्टर, म्हणजे लोखंडी काट्यात बसवलेली चाकं, दोन ब्रेकवाले. दिसायला फार छान. मग एका सागवानी दाराच्या फळीला रंधा मारायला घेतला, ब्रेक दाबलेले होते, तरी प्रत्येक फटक्याला बेंच थोडा थोडा पुढं सरकायचा, आणि एका फटक्यात तो असा फिरला की रंधा गाठीवरून सटकला आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं व्हाईसच्या, म्हणजे लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याच्या, दांड्यावर आपटली, महिनाभर हात धड मुठीत येत नव्हता. ब्रेक खराब नव्हते. ब्रेकनं चाक फिरायचं थांबतं पण चाकाचा काटा जिथं गोल फिरतो तिथली ढिलाई तशीच राहते, त्यात रबर दबतं, आणि चार चाकांची ढिलाई मिळून वर बोटभर हलायला लागतं. चाक आणि काटा दोन्ही धरून ठेवणारे ब्रेक मिळतात, त्यानं फरक पडतो, पण हाताच्या रंध्याला आणि पटाशीला तेवढंबी पुरत नाही.

मग गावातल्या सुतार मामांना विचारलं. ते म्हणाले, "बाबू, बैलगाडी उभी करायची असली की आपण काय करतो? जू खाली टेकवतो की नाही. मग बेंचनं चाकावर का उभं राहावं?" तिथून पुढं सगळं सोपं झालं. काम चालू असताना बेंच आपल्या चार पायांवर उभा पाहिजे आणि चाक जमिनीला लागलंच नाही पाहिजे, चाक लागायचं ते फक्त दुसऱ्या टोकाला धरून बेंच उचलला तेव्हा. हातगाड्यासारखं. चाकं दोनच, तीबी न वळणारी फिक्स, ब्रेकची गरजच नाही.

आता माप. बेंचचा माथा ४ फूट बाय २ फूट घ्या, याच्यापेक्षा मोठा घेऊ नका असं मी सांगेन. ८ बाय ४ ची १९ मिमीची एक प्लाय शीट आणली की तिचे बरोबर चार तुकडे पडतात ४ बाय २ चे, दोन तुकडे एकावर एक चिकटवून माथा, तिसरा खालची फळी, चौथा मागची पाठ. फार काही वाया जात नाही. आणि २ फूट रुंदी कुठल्याबी दारातून जाते. प्लायवर एमआर लिहिलेलं असतं ते घरातल्या कोरड्या फर्निचरचं, बेंच पावसाळ्यात पत्र्याखाली राहणार असेल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाबी टिकणारा) घ्या, आणि पैसे असतील तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. शिक्का शीटवर बघूनच घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. शीट कापून आणणार असाल तर दुकानातच मशीनवर सरळ कापून घ्या, पात्याच्या जाडीमुळं प्रत्येक तुकडा सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरतो, त्यानं काही बिघडत नाही.

उंचीचं प्रत्येकाचं वेगळं. रोज जी चप्पल घालून काम करता ती घालून ताठ उभं राहा, हात खाली सोडा, मनगटाची रेषा जिथं येते ती बेंचची उंची. माझी ३३ इंच आली. रंधा, करवत, पटाशी हे जास्त असेल तर ही उंची बरोबर बसते, बारीक जोडकाम किंवा मोटारीचं वायंडिंग असलं काम जास्त असेल तर तीनचार इंच वाढवा नाहीतर पाठ दुखते. दोन प्लायचा माथा दीड इंचाचा होतो, म्हणून माझे पाय साडेएकतीस इंचाचे.

लाकूड. इथं माझा आग्रह आहे की नवीन घ्यायच्या आधी घरात बघा. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर आमच्या भागात कितीतरी माळवदं उतरवली गेली, आणि त्यातली लाकडं अजून गोठ्यात, परसात पडून आहेत. माझे चारी पाय आमच्या आजोबांच्या माळवदाच्या एका सागवानी तुळईतून निघाले. वरून काळं, धुरानं माखलेलं, पण रंधा एकदा फिरला की आत मधासारखा रंग आणि तेलकट वास, इतक्या वर्षांत जेवढं वाळायचं वाकायचं तेवढं वाळून वाकून झालेलं, त्यामुळं नंतर त्रास नाही. जुन्या लाकडात खिळे मात्र मोडून आत राहिलेले असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळू फिरवा, जिथं ओढलं जातं तिथं खडूनं खूण करा, खिळा काढल्याशिवाय करवत लावू नका, पातं तर जातंच, पण मशीन असेल तर तुकडा तोंडावर उडतो. जुनं नसेल तर बाभूळ चालते, मजबूत आहे पण वजनदार आणि ओली असली की तडकते, म्हणून वाळलेलीच घ्या. एमआयडीसीच्या बाजूला पॅकिंगच्या पेट्यांचं पाईनवुड भंगारवाल्याकडं मिळतं, हलकं असतं, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना चांगलं.

पाय ३ बाय ३ इंच, चार. लांब आडवे ३ इंच रुंद दीड इंच जाड, वरचे दोन साडेशेहेचाळीस इंचाचे आणि खालचे दोन ४३ इंचाचे. आखूड आडवे त्याच जाडीचे, चार, साडेवीस इंचाचे. चाकासाठी एक फळी २२ इंच लांब, साडेसहा इंच रुंद, दीड इंच जाड, ही एकच चांगल्या लाकडाची बिनगाठीची पाहिजे, सगळं ओझं तिच्यावर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथं घाई करू नका. माथा ४८ इंच लांब आहे, पण पाय बाहेरून बाहेर ३६ इंचातच ठेवायचे. चाकाच्या टोकाला माथा पायाच्या ८ इंच पुढं लटकतो आणि दांड्याच्या, म्हणजे धरून उचलायच्या, टोकाला ४ इंच. वरचे आणि खालचे लांब आडवे चाकाच्या टोकाला पायाच्या ७ इंच बाहेर काढायचे, खालच्यांच्या बाहेर निघालेल्या दोन टोकांच्या खाली ती फळी बोल्टानं बसवायची आणि फळीच्या खाली दोन फिक्स कॅस्टर. चाकाचा मध्य पायाच्या बाहेरच्या कडेपासून ४ इंच. चाक ६ इंची घ्या, लहान चाक शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतं आणि अंगणातल्या मुरमात तर फिरतच नाही. म्हणजे चाक पायापासून इंचभर सुटं राहतं, आणि माथ्याच्या आतच राहतं, कोणाच्या पायाला ठेचकाळत नाही.

मग खालचा आडवा किती उंचीवर? चाकाची प्लेटसकट एकूण उंची, अधिक फळीची जाडी, अधिक १ सूत. माझं चाक साडेसात इंच भरलं, फळी दीड, म्हणून आडव्याची खालची कड जमिनीपासून ९ इंच १ सूत. तुमचं चाक आधी आणा, टेपनं मोजा, मगच खाचा आखा, कारण प्रत्येक कंपनीच्या चाकाची उंची वेगळी असते आणि हा १ सूतच सगळं काम करतो. बेंच उभा असताना चाक जमिनीपासून १ सूत वर. दुसरं टोक सव्वा इंच उचललं की चाक टेकतं, ६ इंच उचललं की चाकाकडचे पाय अर्धा इंच वर येतात आणि बेंच सुटतो. १ सुताच्या जागी ३ सूत ठेवलं तर तेवढ्यासाठी टोक आणखी दोनअडीच इंच वर उचलावं लागतं, कंबर जाते. आणि अंतर ठेवलंच नाही तर फरशी थोडी उंच आली की बेंच चाकावरच उभा राहणार, मग परत पहिल्या बेंचचीच गत.

जोडणी अशी. लांब आडवे पायाच्या बाहेरच्या अंगाला, पायात पाऊण इंच खोल खाच मारून आत बसवायचे. खाच मारताना दोन कडांना करवतीनं पाऊण इंचापर्यंत कापा, मध्येबी चारपाच काप द्या, मग पटाशीनं ते तुकडे उडवा आणि तळ साफ करा. आडवा हातानं दाबून बसला पाहिजे, हातोडीनं ठोकावा लागला तर पाय फुटेल आणि सैल पडला तर खाचेचा उपयोग नाही. लांब आडव्यांना ३ सूती बोल्ट, साडेचार इंच लांब, प्रत्येक जोडाला दोन, तिरप्या ओळीत एक वर एक खाली, दोन्ही अंगाला वॉशर. इथं फेविकॉल लावायचं नाही, कारण कधी घर बदललं किंवा शेड पाडलं तर नुसते बोल्ट काढून बेंच सपाट करून ट्रॉलीत टाकता येतो.

आखूड आडवे मात्र फेविकॉल आणि स्क्रूनं कायमचे, पायाच्या आतल्या अंगाला, तिथंबी पाऊण इंचाची खाच. ते लांब आडव्यांच्या बरोब्बर खाली घ्या, म्हणजे बोल्ट आणि स्क्रू एकमेकाला भेटत नाहीत. आधी या दोन चौकटी तयार करा, दोन पाय दोन आडवे, जमिनीवर पाडून गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावा आणि दोन्ही तिरके, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, टेपनं मोजा, सारखे आले की मगच रात्रभर तसंच ठेवा. गुण्या लहान असतो, तो चूक सांगत नाही, तिरक्यांचं माप सांगतं.

दुसऱ्या दिवशी एका अंगाचे लांब आडवे आवळा, खालची फळी चार कोपऱ्यांत पायांसाठी खाचा पाडून आत बसवा, आणि मग दुसऱ्या अंगाचे आवळा. हे उलटं केलं तर फळी नंतर आत जात नाही, मी एकदा सगळं खोललेलं आहे. मग पाठीची प्लाय, ३६ बाय २२, मागच्या दोन आडव्यांवर बाहेरून, दर ६ इंचाला एक स्क्रू. ही पाठ लावायच्या आधी बेंच हलवून बघा आणि लावल्यावर हलवून बघा. लावायच्या आधी तो लांबीच्या दिशेला डुलतो, नंतर भिंतीसारखा उभा राहतो. कितीजण ही पाठ लावत नाहीत, आणि मग बेंच हलायलाय म्हणून जाड जाड लाकडं घालत बसतात.

माथ्याचे दोन तुकडे चिकटवताना फेविकॉल पातळ आणि सगळीकडं पसरवा, जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या दात्यांनी ओढलं की सारखं पसरतं. दोन्ही प्लायची वाकून फुगलेली बाजू एकमेकांकडं येईल असं ठेवा आणि वर वजन. क्लॅम्प इतके कोणाकडं असतात, मी ज्वारीची सहा पोती ठेवली एक दिवसभर, कडेकडेला विटा. सुकल्यावर माथा चौकटीवर खालून स्क्रूनं बसवा, वरून एकबी स्क्रू नको, उद्या पटाशी किंवा कटर त्याच्यावरच जाणार.

दांडा म्हणजे वरच्या लांब आडव्यांची साडेतीन इंच बाहेर निघालेली टोकं आणि त्यांच्यातून आरपार गेलेला पाऊण इंची जीआय पाईपचा तुकडा, नळाचा जुना असला तरी चालतो. त्याचं बाहेरचं माप साधारण २७ मिमी भरतं, तसं भोक पाडा. दांडा माथ्याच्या आत राहतो, कमरेला लागत नाही, आणि तीस इंचाच्या उंचीवर असल्यानं गुडघे थोडे वाकवून सरळ पाठीनं उचलता येतं. व्हाईस आणि थोडी हत्यारं धरून माझा बेंच ८० किलोच्या आसपास जातो, दांड्यावर त्यातलं अर्ध्याच्या आत येतं, म्हणजे पाण्याचे २० लिटरचे दोन जार उचलल्यासारखं. जड वस्तू जेवढी चाकाकडं तेवढा दांडा हलका, म्हणून ग्राइंडर, व्हाईस, खिळ्यांचे डबे सगळं चाकाच्या बाजूला. पण व्हाईस त्या लटकत्या ८ इंचावर बसवू नका, तिथं घण मारला की बेंच तेवढा सूतभर कलतो आणि चाकावर आपटतो. व्हाईस पायाच्या डोक्यावरच, त्याचे बोल्ट माथा आणि आडवा दोन्हीतून गेले तर फारच उत्तम.

ज्यांना कंबरेचा त्रास आहे किंवा वय झालंय त्यांनी हे उचलायचं करू नये. त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना बिजागरीवर खालीवर होणाऱ्या फळीला चारी वळणारी चाकं लावतात, फळीची कड पायानं दाबली की बेंच अर्धा इंच वर येतो आणि एक ठोकळा अडकून तसाच राहतो, ठोकळा सरकवला की परत पायावर. चांगली रीत आहे, फक्त बिजागऱ्या जाड पट्टीच्या आणि नट-बोल्टच्या घ्या, स्क्रू उपटून येतात.

आता चाक बरोबर सुटं आहे का ते बघायला जाड पुठ्ठ्याचा तुकडा चाकाखालून दोन्हीकडं फिरवा. अडकला तर पायाखाली प्लायचा पातळ तुकडा चिकटवा, फार सुटं असलं तर चाकाच्या फळीच्या आणि आडव्याच्या मध्ये वॉशर घाला. फरशी कुठंच सपाट नसते, त्यामुळं चारपैकी एक पाय कुठंतरी अधांतरी राहणारच. दांड्याकडच्या एकाच पायाच्या तळाला भोक पाडून त्यात नट ठोकून बसवा आणि अर्धा इंची बोल्ट डोकं खाली करून फिरवत ठेवा, बेंच जिथं न्याल तिथं तो एक बोल्ट पान्यानं पाव फेरा इकडं तिकडं केला की डुगडुग बंद. चारी पायांना असे बोल्ट लावू नका, मग चाकाचं अंतरच बिघडतं.

वाळवीचं विसरू नका. काळ्या मातीवर टाकलेल्या फरशीच्या सांध्यातून ती वर येते आणि पायाच्या तळातून आत शिरते, वरून कळत नाही. पायाचे तळ बोल्ट बसवायच्या आधी जळक्या ऑईलमध्ये एक दिवस बुडवून ठेवा, लाकडाचे रेषे तिथं उघडे असतात, तेल चांगलं वर चढतं. बाकी बेंचला जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते, दोन हात. तेल लावलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेते, आमच्याकडच्या उन्हाळ्यात कडब्याशेजारी तर अजिबात नको. चिंधी दोरीवर मोकळी वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बेंच ओढताना माथा रिकामा करा, ६ इंच उचलल्यावर वरची पटाशी, स्क्रूचा डबा सगळं चाकाकडं घसरतं आणि धारेचं हत्यार पायावर पडतं. मी चाकाच्या टोकाला माथ्याच्या कडेला इंचभर उंचीची पट्टी दोन बोल्टवर बसवली आहे, नको तेव्हा निघते. उंबरा असेल तर अर्ध्या इंचाच्या वर बेंच चढत नाही, तिथं फळीचा उतार करा, आणि उतारावर बेंच कायम तुमच्या खालच्या बाजूला ठेवा, तुम्ही वर.

नवीन लाकूड वापरलं असेल तर पहिल्या मे महिन्यात सगळे नट परत आवळावे लागतात, ऊन खाऊन लाकूड आकसतं आणि वॉशर हातानं फिरायला लागतो. जुलैत दमट हवेत तेच लाकूड फुगतं, तेव्हा नट ढिले करायचे नाहीत, तसेच राहू द्यायचे. माझ्या जुन्या तुळईच्या पायांना दोन उन्हाळ्यांत फक्त एकदा अर्धा फेरा पाना लागला. आता दसऱ्याला थप्पी लागायच्या आदल्या दिवशी मुलगा दांडा धरतो आणि मी दार धरतो, बेंच लिंबाखाली जातो आणि गेल्या गेल्या त्याच्यावर रंधा मारता येतो.